वॉल्टर कोल्सची हत्यारपेटी

चिंचवड, २ मे २००४

चि. प्रणव यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं म्हणून दचकू नकोस. घरी पाठवलं असतं तर ऋजुताने उघडलं असतं, लगेच फोन लावला असता आणि फोनवर रडली असती. माझ्या लेकीला मी ओळखते. आणि आमचा फोन ह्यांच्या खुर्चीला लागून आहे. अर्धांगवायूत ह्यांचा हात गेलाय, कान शाबूत आहेत.

ऋजुता इथून निघाली तेव्हा होते तसेच आहेत. पाय सुधारला, काठी घेऊन गॅलरीपर्यंत जातात. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. फिजिओथेरपीवाली मुलगी रबरी चेंडू देऊन जाते, तो हे खुर्चीखाली ढकलतात. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताला काम द्या, नाहीतर हा माणूस असाच बसून संपेल. आता ज्याने जन्मभर फाउंड्रीसाठी लाकडाचे नमुने कोरले त्याला मी काय काम देऊ, वाटाणे सोलायला? तेही देऊन बघितलं. ताटली सरकवून दिली.

आणि गेल्या आठवड्यात तर कळसच केला. शशीला बोलावलं. तो ह्यांच्या हाताखाली शिकलेला, आता भोसरीत त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे. गॅलरीतले रंधे, पटाश्या, करवती, सगळं त्याच्या टेम्पोत चढवलं. म्हणाले, "मला आता उपयोग नाही." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

तू मागे सांगत होतास, तिकडे माणूस गेला की घरातलं सामान मांडून विकतात आणि तू ते बघत हिंडतोस. तर डावखुऱ्या माणसाची हत्यारं मिळतात का रे? ह्यांचा डावा हात शिवशिवला पाहिजे, मला दुसरं काही नको.

एकच अट. शनिवारी लोखंड विकत घ्यायचं नाही. हसायचं तर हस. पण एवढं सगळं झाल्यावर मला आणखी शनीची नजर नको.

तुझी,
आई


ब्रिस्टल, २३ मे २००४

ती. सौ. आईंस,
सा. न. वि. वि.

आई, तुमची अट वाचून मी कपाळाला हात लावला. इथले सगळे हाउस क्लिअरन्स शनिवारीच असतात हो! रविवारी उरतो तो गाळ. तरी तोड काढली आहे: शनिवारी फक्त बघायचं, रविवारी जाऊन घ्यायचं.

तुम्हाला एकदा इथे आणून हे दाखवलं पाहिजे. सकाळी सातला अनोळखी माणसांची रांग. दार उघडलं की सगळे थेट घरात, बेडरूममध्येसुद्धा. गेलेल्या माणसाचा चष्मा, दाढीचा ब्रश, अर्धी भरलेली शब्दकोड्यांची वही, सगळ्यावर किमतीची चिठ्ठी. पहिल्यांदा मला फार कसंतरी झालं, आपण कुणाच्या तरी तेराव्याला न बोलावता घुसलोय असं वाटलं. मग परसातली शेड बघितली आणि लाज पळाली. भिंतभर हत्यारं! निम्म्यांची नावंही मला माहीत नाहीत. हे कशाला असेल, हे कुणी असं झिजवलं असेल, या नादात माझे दोन-दोन तास जातात. दारावरचा म्हातारा मला "ऑलराइट, माय लवर?" म्हणाला तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो होतो. इथे सगळ्यांनाच तसं म्हणतात, हे नंतर कळलं.

डावखुऱ्या हत्यारांबद्दल तीन-चार जणांना विचारलं. सगळे हसले. पण मला एक सुचलंय. आज बेडमिन्स्टरमधल्या एका घरातून (आज रविवार आहे, शपथ!) एक विचित्र पट्टी आणली. तिच्याबद्दल बाबांना वेगळं पत्र सोबत ठेवलंय. तुम्ही फक्त त्यांच्या हातात द्या आणि साळसूद चेहऱ्याने भाजी निवडायला बसा.

आपला,
प्रणव


ब्रिस्टल, २३ मे २००४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

एका जुन्या घराच्या सेलमध्ये एका पौंडाला लाकडी पट्टी घेतली. दोन फुटी, पिवळं गुळगुळीत लाकूड, टोकांना पितळ. घरी येऊन स्टीलच्या पट्टीशी लावली तर चक्क चुकीची! दोन फुटांत पाव इंच जास्त. आधी वाटलं लाकूड फुगलं. पण प्रत्येक इंच सारखाच किंचित मोठा आहे. लाकूड असं हिशोबात फुगतं का? म्हणजे कुणीतरी मुद्दाम चुकीची बनवली. एखादा लबाड कापडवाला म्हणावा, तर त्याने पट्टी छोटी ठेवली असती. ऋजुता म्हणते फेकून दे. मला झोप नाही. तुम्हाला काही कळतंय का?

आपला,
प्रणव


चिंचवड, ७ जून २००४

श्री. जावईबापूंस,
कमलाकर यांचे आशीर्वाद.

(हे सांगताहेत, मी लिहितेय. शब्द त्यांचे, अक्षर माझं. आई.)

पट्टी फेकलीत तर याद राखा. ती चुकीची नाही, ती पॅटर्नमेकरची आहे. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, फुटाला एक सूत. म्हणून लाकडाचा नमुना तेवढा मोठा करायचा. आता प्रत्येक मापाला आकडेमोड कोण करत बसणार? म्हणून पट्टीच मोठी. दोन फुटांना दोन सुतं, म्हणजे तुमचं पाव इंच. लबाड कापडवाला काय! (इथे हे हसले. हसले म्हणजे नाकातून आवाज काढला, पण काढला.)

ऋजुतेला म्हणावं, तिच्या बापाने अशाच पट्टीवर तिचं शिक्षण केलंय.

आता माझे प्रश्न. पट्टीच्या कडेला मालकाचं नाव ठोकलेलं असेल, ते काय? इंग्रज कारागीर आपल्या हत्यारांवर नाव ठोकतो. त्याची बाकीची हत्यारं कुठे गेली? पॅटर्नमेकरकडे गोल पात्याच्या पटाश्या असतात, वेगवेगळ्या बाकाच्या, वीस-पंचवीस तरी. त्या मिळाल्या तर दांडे बघा. पातं कोणीही पुसून चकचकीत करतं, दांडा खोटं बोलत नाही. घाई करा. एवढी पट्टी एका पौंडाला विकणाऱ्या माणसांना आपण काय विकतोय हेच माहीत नाही. (चार वाजल्यापासून सांगताहेत. चहा गार झाला.)


ब्रिस्टल, २७ जून २००४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

नाव सापडलं! W. COLES. भिंग घेऊन बघावं लागलं. परत त्या घरी गेलो. वॉल्टर कोल्स हिवाळ्यात वारले. त्यांच्या पत्नी, मिसेस कोल्स, घर विकून कार्डिफला मुलीजवळच्या छोट्या फ्लॅटमध्ये जाणार आहेत. माझ्या हातात ती पट्टी बघून त्यांनी मला आत घेतलं, चहा दिला आणि शेड उघडली.

बाबा, पेटी आहे. माझ्या कमरेएवढी. आत सरकते खण, खणांत हिरवं कापड, कापडात ओळीने पटाश्या. तुम्ही म्हणालात तसे दांडे बघितले. अंगठा जिथे टेकेल तिथे लाकूड झिजून खळगा पडलाय. पण मी उजव्या हातात धरली की खळगा भलत्याच बाजूला जायचा. दुसरी धरली, तेच. मग डाव्या हातात घेतली आणि अंगठा गपकन बसला. सगळ्यांचं तसंच.

मी म्हटलं, मिस्टर कोल्स डावखुरे होते का? त्या म्हणाल्या, छे, जन्माने उजवे. चाळिशीच्या आत कारखान्यात मशीनमध्ये उजवा हात गेला. मनगटाखाली काही उरलं नाही. नंतर रिटायर होईपर्यंत त्यांनी याच पेटीतून डाव्या हाताने काम केलं.

मी पुढे काही विचारूच शकलो नाही. चहा पिऊन आलो.

पेटी आत्ताच द्या म्हटलं, तर म्हणाल्या सगळं त्यांचा पुतण्या बघतो. मे महिन्यात नुसतं किरकोळ सामान काढलं होतं; २४ जुलैला शेडसकट उरलेलं सगळं विक्रीला निघेल, त्याआधी काही नाही.

आपला,
प्रणव


चिंचवड, ९ जुलै २००४

श्री. जावईबापूंस,
आशीर्वाद.

(परत माझंच अक्षर. तुझं पत्र ह्यांनी दुपारी वाचलं, मग संध्याकाळी वाचलं, मग उशीखाली ठेवलं. दोन दिवस ते तिथेच होतं. आज म्हणाले, कागद घे.)

सरळ विचारतो. ही गोष्ट तुम्ही रचलेली नाही ना? आमच्या सौभाग्यवतींनी तुम्हाला पढवलेलं नाही ना? (मी मान खाली घालून लिहितेय.) मशीनमध्ये हात गेलेला पॅटर्नमेकर नेमका तुम्हालाच सापडावा, म्हणजे जरा जास्तच झालं.

रचलेली असेल तर पुन्हा पत्र पाठवू नका. खरी असेल तर ती पेटी मला हवी आहे. जहाजाने पाठवा, कशीही पाठवा.

(प्रणव, "हवी आहे" म्हणाले. दवाखान्यातून आल्यापासून ह्यांनी काही मागितलेलं नाही. मीठसुद्धा नाही. काय वाटेल ते कर, पण आण.)


ब्रिस्टल, २५ जुलै २००४

ती. सौ. आईंस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या एकट्यांसाठी आहे.

पेटी गेली.

काल, शनिवारी, सकाळी साडेसहाला मी रांगेत पहिला होतो. खिशात पैसे होते. पुतण्याने भाव सांगितला, माझ्या अंदाजापेक्षा कमीच होता. हात खिशात गेला आणि तिथेच थांबला. आज शनिवार. आई, मी शनी-बिनी काही मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. एरवी मी शनिवारी अख्खी गाडी विकत घेतली असती. पण बाबांच्या हाताचा प्रश्न होता. तुम्ही एवढी एकच गोष्ट मागितली होती. आणि मनात आलं, आपण ऐकलं नाही आणि उद्या काही झालं तर? एकदा हे मनात आलं की जात नाही हो.

मी त्याला म्हटलं, उद्या सकाळी पैसे देतो, माझ्यासाठी ठेव. तो म्हणाला, "असली तर घेऊन जा." मी मूर्खासारखं त्याला होकार समजलो. आज आठला गेलो तर शेड रिकामी. काल दुपारीच एका डीलरने उचलली. त्याचा नंबर मिळवला, फोन केला. त्याने कालच्या काल निम्म्या पटाश्या सुट्या-सुट्या विकल्या आहेत आणि पेटी कुणाच्या तरी दिवाणखान्यात कॉफी टेबल होणार आहे.

मी घरी येऊन ऋजुताला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. आता बाबांना काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. मला माफ करा.

प्रणव


चिंचवड, ६ ऑगस्ट २००४

चि. प्रणव यास,
अनेक आशीर्वाद.

माफी कसली मागतोस? अट माझी. तुझं पत्र वाचून मी दिवसभर घरात चोरासारखी वावरले. एवढी मोठी झाले, पण एक साधी गोष्ट मला कळली नाही. ज्या माणसासाठी जीव टाकतेय त्याच्याच आड मी आले.

शेवटी चहा देताना सांगून टाकलं. पहिल्या पत्रापासून सगळं, शनिवारसकट. ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "शनीला इंग्लंडचा व्हिसा कुणी दिला?" आणि हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, चहा लेंग्यावर सांडला, तरी थांबेनात. मी पण हसले आणि मग मला रडूच आवरेना.

पण नंतर रबरी चेंडू परत खुर्चीखाली गेला. मला वाटलं, संपलं, परत खुर्ची. काल सकाळी पेन मागितलं. मी कागद घेऊन बसले तर म्हणाले, "तू नको." पाठीमागे बघ. मी एका काना-मात्रेलाही हात लावलेला नाही.

आई


(पाठीमागे, मोठ्या वाकड्या अक्षरांत)

प्रणव

पेटी गेली जाऊ दे. ती त्याच्या हाताला बसलेली होती. माझ्या हाताला बसली असतीच असं नाही.

मला एकच कळत नाही. डाव्या हाताने पटाशी चालवली, समजलं. मग लाकूड कुणी धरलं? शेगड्यात आवळून सगळं लाकूड बसत नाही. गोल नमुना तर नाहीच. सारखा फिरवावा लागतो. एका हाताने होत नाही. मी रोज मनात करून बघतो. होत नाही. तो कसं करायचा? त्या बाईंना विचार. तेवढं कळलं पाहिजे.

एवढं लिहायला सकाळ गेली.

कमलाकर


ब्रिस्टल, २९ ऑगस्ट २००४

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

हे पत्र दोघांना. आणि ऋजुता शेजारी बसून मी काय लिहितोय ते बघतेय, तेव्हा आता कुणापासून काही लपवायचं उरलं नाही.

बाबा, तुमचं पत्र ऋजुताने फ्रिजवर लावलंय. येणारे-जाणारे विचारतात, कुणा लहान मुलाचं अक्षर का? ती म्हणते, हो, वय वर्षं अडुसष्ट.

पुतण्याकडून पत्ता घेऊन काल आम्ही दोघं ट्रेनने कार्डिफला गेलो. मिसेस कोल्स यांचा फ्लॅट एवढासा आहे, खिडकीत जिरेनियमच्या कुंड्या. पेटीचं काय झालं ते त्यांना पुतण्याने सांगितलेलंच नव्हतं. कॉफी टेबल म्हटल्यावर त्यांनी तोंडावर हात धरला, मग म्हणाल्या, "वॉल्टर फार हसला असता."

मग मी तुमचा प्रश्न विचारला. लाकूड कुणी धरलं? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी शाळेत पाढा चुकलोय.

"कोण धरणार? मी."

बाबा, मी सगळं त्यांच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न करतो. हात गेल्यावर वॉल्टर पूर्ण हिवाळा खुर्चीत बसून होते. कुणाशी बोलत नव्हते. एका संध्याकाळी मिसेस कोल्स यांचं डोकं फिरलं. भांडी तशीच टाकून त्या त्यांना ओढत शेडमध्ये घेऊन गेल्या, एक लाकडाचा ठोकळा दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काप. बघू तुला काय जमतं." पहिले काही आठवडे नुसता भुगा. नंतर कारखान्याने परत घेतलं. सोपी कामं ते तिथे करायचे, अवघड गोल नमुने घरी आणायचे, आणि जेवणानंतर दोघं शेडमध्ये. फिरव म्हटलं की फिरवायचं, थांब म्हटलं की थांबायचं. वॉल्टर म्हणायचे, ब्रिस्टलमधला एकुलता एक बोलका शेगडा माझ्याकडे आहे.

ऋजुताने विचारलं, तुम्ही हे प्रणवला आधीच का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, "त्याने फक्त हत्यारांबद्दल विचारलं, डिअर."

येताना ट्रेनमध्ये माझ्या डोक्यात एकच होतं. मी इतके महिने लोकांच्या शेडमध्ये दांडे तपासत फिरत होतो. त्या दोन हातांची खूण कुठल्याच दांड्यावर नव्हती.

आपला,
प्रणव


चिंचवड, १९ सप्टेंबर २००४

चि. प्रणव आणि चि. ऋजुता यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. "कोण धरणार? मी" इथे आले आणि पुढे वाचता येईना. हे पण मान वळवून गॅलरीकडे बघत बसले. मग मीच शशीला फोन केला. तो तासाभरात सगळी हत्यारं टेम्पोत घालून हजर! काका, मी एकाही पटाशीला हात लावला नव्हता, म्हणाला, तुम्ही मागाल म्हणून वाट बघत होतो. मग नेलीस कशाला, म्हणून ह्यांनी त्याला वर चार शिव्या घातल्या.

तेव्हापासून चाललंय. मला आधी वाटलं, धरायचं म्हणजे काय, धरायचं. अगं बाई! "हलवू नकोस, उलटं फिरव, अगं तिकडे नाही, माझ्या अंगाकडे." माझे खांदे भरून येतात. मी पण ऐकून घेत नाही. एकदा म्हटलं, एवढं ओरडायचं असेल तर लाकूड तुम्हीच धरा. तर म्हणाले, "पटाशी तू चालवतेस का?" आणि दिली की माझ्या हातात! मी एवढासा कपचा काढला. बघितला, म्हणाले, "शशीपेक्षा बरा." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे काय करतात ते मी इतक्या जवळ उभं राहून कधी बघितलं नव्हतं. आणि ह्यांनीही कधी बोलावलं नव्हतं. मिसेस कोल्स बाईंना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, भुगा आमच्याकडेही ढिगाने निघतोय.

लाकडाचा अजून काही आकार झालेला नाही. विचारू नका, हे चिडतात.

अक्षर बिघडलंय कारण परवा पटाशी निसटली आणि माझ्या अंगठ्याला लागलं. फार नाही. पण ह्यांनी पटाशी खाली टाकली, एका हाताने कपाट उघडून बँडेजची पट्टी काढली, एका हाताने माझ्या अंगठ्याला गुंडाळली. मग गाठ मारायची वेळ आली. ह्यांचा एकच हात, माझाही एकच मोकळा. एक टोक ह्यांनी धरलं, एक मी. दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली.

मी म्हटलं, आज पुरे आता. तर म्हणाले, "अगं, अजून उजेड आहे."

तुमची,
आई